फोटो कुठला?
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)

मंडळी, सहलीहून आलो की आपण दोनशे फोटो दाखवतो आणि तिसऱ्या फोटोपासूनच घरात वाद: हे देऊळ कुठलं? पासबुकात तारीख आहे, रक्कम आहे, तपशील नाही, तशी गत!

फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘लोकेशन’चं बटण असतं. ते चालू असलं की प्रत्येक फोटोसोबत त्या जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. त्याला इंटरनेट लागतंच असं नाही. फोन थेट उपग्रहांचे संकेत पकडतो, त्यामुळे रेंज नसलेल्या गडावरही नोंद होते. फक्त रेंज नसेल तर उघड्यावर थोडं थांबावं लागतं. लेण्यात, गाभाऱ्यात संकेत नीट पोचत नाहीत.

जुन्या फोटोंचं काय? गूगल फोटोजमध्ये फोटो उघडून वर सरकवा, ठिकाण हातानेही भरता येतं. पण आठवण आहे तोवरच भरा. आमच्याकडे आईचा घाटावरचा एक फोटो आहे. नाशिक की वाई, हे सांगणारं आता कोणी उरलेलं नाही.

एक सावधगिरी. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर ही नोंद गळते, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर राहते. सहलीचे फोटो घरच्यांना तसे जरूर पाठवा. नातवंडांचे घरात काढलेले मात्र परक्याला तसे देऊ नका, घराचा ठावठिकाणा त्यातून कळतो.

बटण सापडत नसेल त्यांनी रविवारी सकाळी फोन घेऊन सोसायटीच्या ऑफिसात या. चष्माही आणा.