नकाशांतील रेघेची जाडी

पुण्याहून आळंदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर विश्रांतवाडी लागते. एके काळीं शहराबाहेरची म्हणून ओळखली जाणारी ही वस्ती आतां पुण्यांतच मुरली असून, येथें व शेजारच्या धानोरी-कळस भागांत बहुमजली इमारती दाटीनें उभ्या आहेत. अशा इमारतींत बिऱ्हाड थाटूं पाहणाऱ्या कुटुंबाच्या हातीं घराच्या आधीं घराचा नकाशा पडतो. कोणी ओट्याची लांबी पाहतें, कोणी चटईक्षेत्राचा हिशेब करतें. परंतु एक रेघ जाड, दुसरी बारीक आणि तिसरी तुटक कां, असें सहसा कोणी विचारीत नाहीं.

नकाशाची सारी भाषा मात्र याच भेदावर उभी आहे. इमारत जमिनीपासून सुमारें १.२ मीटर उंचीवर आडवी कापली अशी कल्पना करून वरून पाहिलेलें दृश्य, म्हणजे मजल्याचा नकाशा. पातें ज्यांतून गेलें त्या भिंती व खांब जाड रेघेनें दाखवावयाचे; खालीं दिसणारा ओटा व पायरी बारीक रेघेनें; आणि पात्याच्या वर राहिलेली तुळई किंवा माळा तुटक रेघेनें. हा भेद पुसला गेला कीं खांब आणि कपाट हीं दोन्ही सारखींच चौकटें भासूं लागतात. कपाट हलवितां येतें, खांब हलवितां येत नाहीं. मधली भिंत पाडण्याचा बेत करणाऱ्या घरमालकास हा फरक कळणें किती अगत्याचें आहे, हें सांगावयास नको.

पूर्वीं शाईच्या लेखणीचा स्क्रू कमीजास्त आवळून आंखणीकार प्रत्येक रेघेची जाडी आपल्या हातानें ठरवी. १९५३ सालीं रोटरिंग या जर्मन कंपनीची रॅपिडोग्राफ लेखणी निघाली, आणि पुढें ठराविक जाडीच्या टोकांचे संच प्रचारांत आले. आंतरराष्ट्रीय प्रमाणांत ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ मिलिमीटर अशी जी चढण आहे ती उगीच नाहीं. प्रत्येक जाडी मागलीच्या सुमारें १.४ पट आहे, कारण ए-१, ए-२, ए-३ हे कागदही त्याच प्रमाणांत लहान होत जातात. ए-१ वरील ०.५ ची रेघ ए-३ वर ०.२५ ची होते, आणि त्या जाडीची लेखणी संचांत तयारच असते. मोठ्या शहाणपणाची योजना ही!

रेव्हिटसारख्या आजच्या संगणक-प्रणालींत रेघ बहुधा कोणी ओढीतच नाहीं. वास्तुशिल्पी भिंत उभारतो, दार बसवितो, आणि नकाशा, छेद, दर्शनी बाजू हीं दृश्यें संगणक त्या प्रतिकृतींतून काढून देतो. जाडीसाठीं १ ते १६ क्रमांकांच्या कल्पित लेखण्या असतात. भिंत कापली गेली तर अमुक क्रमांक, नुसती दिसली तर तमुक, असें कोष्टक असतें. आणि एकाच क्रमांकाची जाडी १:५० च्या नकाशांत एक व १:२०० च्या नकाशांत दुसरी ठरवितां येते.

अडचण येते ती दृश्य बाहेर पाठवितांना. ऑटोकॅडच्या फाइलींत भिंती एका थरावर, दारें दुसऱ्या थरावर आणि प्रत्येक थरास एक रंग, अशी मांडणी होते. तेथें छपाईच्या वेळीं रंगावरून जाडी ठरविण्याची जुनी वहिवाट आहे: २५५ रंगांस २५५ लेखण्या. दोन्हीं कडचीं कोष्टकें आधीं जुळविलीं नाहींत, तर भिंत केसासारखी आणि फरशीचे सांधे दोरखंडासारखे छापून येतात. मग एकेक रेघ निवडून दुरुस्ती सुरू होते. दोन दिवस खपून छेद देखणा होतो, आणि तिसऱ्या दिवशीं जिना एक फूट सरकतो. तो मूळ प्रतिकृतींत सरकतो, दुरुस्त केलेल्या नकाशांत नाहीं. आणि गवंड्याच्या हातीं दोहोंपैकीं कोणता कागद पडेल याचा नेम नसतो.

म्हणून बांधकामाच्या नकाशाची जाडी मूळ प्रणालीच्या कोष्टकांतच बसवावी, आणि बाहेरची दुरुस्ती सादरीकरणाच्या चित्रांपुरती ठेवावी. तीं चित्रें तरी रेघांच्या रूपांतच न्यावीं, ठिपक्यांच्या नव्हे. दृश्यांत सावल्या चालू राहिल्या तर रेव्हिट बहुधा ठिपक्यांचें चित्र काढतें, आणि जाडी बदलण्याची सोयच उरत नाहीं. कापलेल्या, दिसणाऱ्या व दूरच्या रेघांस निघतांनाच निरनिराळे रंग द्यावे. इलस्ट्रेटरमध्यें एका रंगाच्या सर्व रेघा एकदम निवडतां येतात; हजार रेघांचें काम तीन निवडींत आटोपतें.

परवानगीच्या नकाशाची गोष्ट निराळी. राष्ट्रीय इमारत संहितेच्या कोष्टकांत भूखंडाची सीमा जाड काळी, चालू रस्ता हिरवा, नियोजित काम लाल भरलेलें, पाडावयाचें काम पिवळ्या तिरप्या रेघांचें, अशी वांटणी आहे. पुण्यांतच घडविलेली ऑटोडीसीआर ही तपासणीची प्रणाली पुणें महानगरपालिकेनें वापरांत आणली. ती नकाशा थरांवरून वाचते, जाडीशीं तिला कर्तव्य नाहीं. यंत्र थर वाचतें आणि गवंडी जाडी वाचतो. एकाच फाइलीनें दोघांस खूष करूं पाहणारी कचेरी बहुधा दोघांसही नाराज करते. दोन निराळीं कोष्टकें साठवून ठेवण्यास फार तर एक दुपार लागते.

पडद्यावर मात्र यांतलें कांहीं पारखतां येत नाहीं, कारण तेथें दृश्य हवें तेवढें मोठें होतें. बांधकामावर ए-१ चा मोठा कागद क्वचितच टिकतो. वाऱ्यांत व सिमेंटच्या धुळींत ए-३ ची प्रत फिरते. ०.१८ ची रेघ तेथें ०.०९ ची होते, आणि झेरॉक्सच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रतींत नाहींशी होते. तुळईची तुटक रेघ नेमकी त्याच जाडीची ठेवलेली असते. ती ०.३५ वर न्यावी, तिचे तुकडे थोडे लांब करावे, आणि ए-३ वर एक प्रत काढून हातभर अंतरावरून वाचून पाहावी.