सर्वोच्च न्यायासनाची पात्रता
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आम्ही कायद्याचे पंडित नव्हे, साधे बी. ए. परंतु केंद्र सरकारच्या सेवेत नियमपुस्तकांशी तीस वर्षे संसार केला आहे. कारकुनाच्या जागेसाठीही आमच्याकडे अटींची पाने भरतात. देशाच्या सर्वोच्च न्यायाधीशपदाच्या अटी मात्र राज्यघटनेच्या अनुच्छेद १२४ मध्ये मोजक्या ओळींत आटोपल्या आहेत.

व्यक्ती भारताची नागरिक असावी. शिवाय ती उच्च न्यायालयात किमान पाच वर्षे न्यायाधीश, किंवा किमान दहा वर्षे अधिवक्ता, अथवा राष्ट्रपतींच्या मते विख्यात विधिवेत्ता असावी. किमान वय सांगितलेले नाही. निवृत्ती मात्र ६५ व्या वर्षी. बहुतेक न्यायमूर्ती पहिल्या दाराने येतात. वकिलीतून थेट आलेले न्या. सिक्री १९७१ मध्ये, तर आपले न्या. उदय लळित २०२२ मध्ये सरन्यायाधीश झाले. तिसरे दार आजवर कोणासाठी उघडलेले नाही.

ही पाच वा दहा वर्षे एकाच न्यायालयात काढावीत, असेही बंधन नाही. एकापाठोपाठ एक अशा दोन किंवा अधिक उच्च न्यायालयांतील काळ जमेस धरतात. बदल्यांवर आयुष्य काढलेल्या आम्हांला याचे मोठे अप्रूप वाटते. अधिवासाच्या दाखल्यावाचून आमच्या कन्येला एकदा एका महाविद्यालयाने प्रवेश नाकारला. त्या रात्री तिने विचारले, "बाबा, मग आपण नेमके कुठले?" आम्ही निरुत्तर झालो. पुढे हा अनुच्छेद वाचला, तेव्हा उत्तर सापडले. तेथे प्रांत नाही, मातृभाषा नाही. केवळ 'भारताचा नागरिक' एवढेच आहे.

अटी थोड्या, म्हणूनच निवडीची जबाबदारी थोर. निर्भयता व निःपक्षपात ही पात्रतेच्या कलमात नाहीत. ती पद स्वीकारतानाच्या शपथेत आहेत. अनुभवाची वर्षे मोजता येतात, निःस्पृहता मोजता येत नाही. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाबद्दल खुद्द राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणाऱ्या रामशास्त्री प्रभुण्यांची योग्यता कोणत्या दाखल्यावर लिहिली होती?

ती शिकवण घरातच मिळते. मग ते घर पुण्यात असो वा येथे, परमुलखात. आमची कन्या आज वकिली करते. न्यायासन फार दूरचे आहे, पण "आपण कुठले?" हा प्रश्न तिने पुन्हा विचारलेला नाही.