भार आणि न्याय

(कोरीट येथे धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी धर्मगुरूंनी केलेले भाषण)



गावकीचे एखादे काम निघाले म्हणजे वर्गणी ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे बसते. सालदारास व बागाईतदारास एकच आकडा सांगणाऱ्या पंचाला कोणी न्यायी म्हणत नाही. पृथ्वीचे वाढते तापमान आवरण्याचा भार राष्ट्राराष्ट्रांनी कसा वाटून घ्यावा, हा प्रश्नही मुळात असाच आहे.

कोळसा व खनिज तेल जाळल्याने निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड वायू लवकर नाहीसा होत नाही. त्याचा मोठा अंश शतकानुशतके वातावरणात राहून उष्णता कोंडून धरतो. यास्तव केवळ आजचा धूर मोजून भागत नाही. मागील बाकीही पाहावी लागते. यंत्रयुगाच्या आरंभापासून इंधनाच्या ज्वलनाने निघालेल्या या वायूपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. भारताचा शेकडा तीन-चार. आजही दर माणशी वर्षाला अमेरिकेत सुमारे १४ टन, तर आपल्याकडे सुमारे २ टन असे प्रमाण पडते.

कोणी म्हणेल, पूर्वजांच्या अज्ञानाबद्दल नातवांस दोष का द्यावा? दोष देऊ नये हे खरे. परंतु दोष निराळा आणि देणे निराळे. जो वडिलांची शेतवाडी घेतो, त्याने त्यांचे ऋणही पत्करले पाहिजे. शिवाय १९९२ साली रिओ द जानेरो येथील करारात, जबाबदारी सर्वांची परंतु प्रत्येकाची कमीअधिक, हे तत्त्व राष्ट्रांनी मान्य केले; तेव्हापासून अज्ञानाची सबब उरली नाही. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनीही ‘लाउदातो सी’ या परिपत्रात श्रीमंत देशांवरील या ऋणाचा स्पष्ट उच्चार केला. तथापि २०२० पर्यंत गरीब देशांसाठी दरसाल १०० अब्ज डॉलर उभारण्याचे २००९ चे वचन श्रीमंत राष्ट्रांच्या स्वतःच्या हिशेबानेही २०२२ सालीच प्रथम पुरे झाले.

परंतु जे माप आपण जगास लावतो, ते घरीही लावले पाहिजे. देशाचा २ टनांचा आकडा लहान दिसतो, तो शहरांतील धनिकांच्या काटकसरीमुळे नव्हे. मजुरीसाठी गुजराथेची वाट धरणारी आपल्या जिल्ह्यातील कुटुंबे आणि त्यांच्यासारखे कोट्यवधी लोक अत्यल्प इंधनावर दिवस काढतात, म्हणून तो लहान आहे. त्यांच्या दारिद्र्याचा दाखला परिषदांत पुढे करावा आणि त्याच्या आडून सुखवस्तूंनी मनमुराद इंधन जाळावे, हा न्याय नव्हे.

धुराविना होणारी वीजही फुकट येत नाही. सरदार सरोवराची विद्युत्‌केंद्रे १४५० मेगावॉट शक्तीची आहेत. त्यांच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा शेकडा २७ आहे. वाटा साऱ्या राज्यास मिळाला. किंमत मात्र आपल्याच जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावांनी मोजली. त्यांची घरे व शेते बुडिताच्या टप्प्यात आली. उद्या सूर्याच्या व वाऱ्याच्या विजेसाठी जमिनी मागितल्या जातील. ती वीज अवश्य व्हावी. परंतु लाभ कोणास आणि भार कोणावर, हे ग्रामसभेत आधी विचारले जावे.

न्याय मागणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. वर्षाच्या एकूण उत्सर्गात चीन व अमेरिका यांच्या खालोखाल आज भारताचाच क्रम लागतो, आणि २०७० पर्यंत तो निव्वळ शून्यावर आणण्याचे वचन आपल्या देशाने २०२१ साली ग्लासगो येथे दिले आहे. ते पाळले जावेच. मात्र पाळताना पहिला हप्ता ज्याने अधिक जाळले त्याच्याकडून घेतला जावा, ज्याच्या घरी एकच दिवा लागतो त्याच्याकडून नव्हे.