गाण्याने झाड वाढते काय?



माझे शाळेतील शिक्षण सातवीपर्यंतचे; पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर झाले. वनस्पतिशास्त्रावर बोलण्याचा अधिकार मला नाही. पण कामगार चळवळीत मला एक प्रश्न विचारण्याची सवय लागली. तोच आज झाडांच्या बाबतीत विचारणार आहे. तो प्रश्न असा : 'कशाशी तुलना करून?'

१९९८ साली मी दोन कुंड्यांत गहू पेरला. एक कुंडी खिडकीत टेपरेकॉर्डरजवळ ठेवून तिला रोज तासभर सनई ऐकवली. दुसरी आतल्या खोलीत ठेवली. पंधरा दिवसांत सनईचा गहू हिरवागार झाला, दुसरा पिवळा पडून लवंडला. द्वारसभेत मी हे फुशारकीने सांगितले. तेव्हा एक वृद्ध कामगार म्हणाले, "भाऊ, दुसऱ्या कुंडीला ऊन दिलं होतं का?" मी निरुत्तर झालो. पुढे वरच्या मजल्यावरच्या तशाच खिडकीत दुसरी कुंडी ठेवून पुन्हा पेरले. दोन्ही गहू सारखेच वाढले.

हा प्रश्न लवकरच कामी आला. एका कारखान्याने पॅकिंग खात्यात दिवसपाळीला गाणी लावली. गाण्यामुळे उत्पादन वाढले, तेव्हा रोजचे कामही वाढवून द्या, अशी मागणी मालकांनी केली. आम्ही रातपाळीची नोंदवही मागितली. रातपाळीला गाणी नव्हती, तरी उत्पादन तेवढेच वाढले होते! त्याच महिन्यात हाताने चिकटवावी न लागणारी नवी खोकी आली होती. मागणी मागे घेतली गेली.

आता विद्वानांकडे वळू. डार्विनने आपल्या मुलाला एका रोपाजवळ बासून नावाचे वाद्य वाजवायला सांगितले होते. अशा प्रयोगांना तो स्वतःच 'मूर्खाचे प्रयोग' म्हणे. आपल्याकडे अण्णामलै विद्यापीठात प्रा. टी. सी. सिंग यांनी १९५०च्या दशकापासून वनस्पतींना भारतीय संगीत ऐकवले व वाढ अधिक झाल्याचे प्रसिद्ध केले. अमेरिकेत डोरोथी रिटॅलॅक यांचे या विषयावरचे पुस्तक १९७३ साली निघाले. ते गाजले, पण रोपे फार थोडी, हा आक्षेप त्यांच्यावर आला.

याउलट २०१४ सालचा एक प्रयोग पाहा. मिसुरी विद्यापीठातील हायडी अ‍ॅपल व रेक्स कॉक्रॉफ्ट यांनी अळी पान कुरतडते त्या वेळची थरथर टिपली. मोहरीच्या कुळातील एका लहान रोपाच्या पानांना ती यंत्राने दिली. दुसऱ्या रोपांना तेच यंत्र लावले, पण मुके ठेवले. मग दोन्हींवर अळ्या सोडल्या. थरथर अनुभवलेल्या रोपांनी बचावाची तिखट रसायने अधिक तयार केली. वाऱ्याच्या किंवा दुसऱ्या एका कीटकाच्या गाण्याच्या थरथरीने तसे झाले नाही.

मला हा प्रयोग पटतो तो त्या मुक्या यंत्रामुळे. ती त्यांची रातपाळी होय. झाडाला कान नाहीत, पण नाद म्हणजे कंप, आणि कंप पानापर्यंत पोचतो. आपल्या जिवाशी ज्याचा संबंध आहे, तो कंप झाड ओळखते. यमन आणि भैरवी यांतला फरक त्याला कळतो, याला मात्र मला अजून पुरावा दिसलेला नाही.

बागेत गाणे जरूर लावा. माळ्याचे मन रमेल, तो झाडाकडे चार वेळा अधिक पाहील, हा लाभ थोडा नव्हे. पण प्रयोग करायचा तर दहा कुंड्या गाण्याच्या आणि दहा मुक्या घ्या. माती, पाणी, ऊन सारखे ठेवा, आणि उंची मोजायला अशा माणसाला बोलवा, की ज्याला कोणती कुंडी कोणती हे ठाऊक नाही.

आणि नादाने पीक दुप्पट करून देतो असे सांगणारा कोणी दारी आला, तर पैसे काढण्यापूर्वी त्या वृद्ध कामगाराचा प्रश्न त्याला विचारा : दुसऱ्या कुंडीला ऊन दिले होते का?