मनाची विचारपूस

(सरपंच, ग्रामपंचायत सदस्य व प्राथमिक शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



काही वर्षांपूर्वी आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या घरी मी कामानिमित्त गेलो होतो. कर्ज किती, पेरा किती, पीक किती आले, याची नोंद मी करून घेतली. निघताना त्यांच्या वृद्ध आई म्हणाल्या, "साहेब, दोन महिने तो रात्रभर अंगणात बसून राहायचा. अन्नावरची वासनाच उडाली होती. आम्हांला वाटलं, पावसाची काळजी असेल." माझ्या नमुन्यात या वाक्यासाठी रकाना नव्हता. ती गोष्ट मला अद्याप सलते आहे.

कर्ज व नापिकी हे प्रश्न खरे आहेत. गोड शब्दांनी ते सुटत नाहीत. परंतु त्या माउलीने सांगितलेली लक्षणे नैराश्य या आजाराचीही असू शकतात, आणि हा आजार उपचारांनी बरा होऊ शकतो. दुःख कोणालाही होते व ओसरते. मात्र उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप व भूक बिघडली, कामातील रस गेला, "मी सर्वांना ओझे झालो" अशी भाषा तोंडी येऊ लागली, तर ते दुर्लक्षिण्याजोगे नव्हे. काहींच्या बाबतीत हाच आजार सततची डोकेदुखी, थकवा किंवा चिडचिड यांच्या रूपाने प्रकटतो. अशा वेळी "मन घट्ट कर" हा उपदेश निरुपयोगी ठरतो आणि "बाहेरची बाधा" समजून मोलाचे दिवस वाया जातात.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात शंभर प्रौढांमागे सुमारे दहाजणांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. त्यांतील बहुसंख्य उपचारांपासून वंचित होते. सोयींच्या अभावाइतकीच लोकलज्जाही याला कारण आहे.

मग आपण काय करावे? प्रथम, शांतपणे ऐकून घ्यावे. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो काय, हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार बळावतो, ही समजूत चुकीची आहे. उलट माणसाला मोकळे होता येते. होकार आल्यास त्याला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशक कुलपात किंवा अन्यत्र हलवावे आणि त्याला सोबत घेऊन दवाखाना गाठावा. औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. बरे वाटताच ती आपल्या मनाने बंद करू नयेत, हेही घरच्यांना समजावून द्यावे.

१९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला व १९९६ पासून तो जिल्हा पातळीवर नेण्यात येऊ लागला. त्यामुळे मानसोपचार म्हणजे ठाणे वा येरवडा, हा समज आता सोडावयास हवा. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. २०२२ पासून 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. तो क्रमांक शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा नागरिकाचा हक्क मानला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला मदत देण्याची जबाबदारीही त्याने शासनावर टाकली आहे.

कायदा व दवाखाना यांच्या आधी मात्र शेजारी येतो. पावसापाण्याची, पिकाची विचारपूस आपण रोज करतो. त्याच ओघात "झोप लागते ना?" एवढे विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावे, एवढीच माझी विनंती आहे.