लेकीचा पीएचडीचा अर्ज

डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत बायकांची तपासणी केली. १९८९ साली तो अभ्यास छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग निघाले! आपण दुखणं अंगावर काढतो, म्हणून ते कुणाला दिसत नाही.

सार्वजनिक आरोग्यातल्या पीएचडीसाठी असाच एक प्रश्न घेऊन संशोधनाचा आराखडा लिहावा लागतो. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के हवेत. राखीव गटांना ५ टक्के सूट. मग प्रवेश परीक्षा किंवा नेट, आणि मुलाखत.

लग्न, बाळंतपण आड येईल म्हणून लेकीला अडवू नका. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार स्त्रियांना दोन वर्षं जादा मुदत आणि २४० दिवसांपर्यंत बाळंतपण-संगोपनाची रजा मिळू शकते.

प्रश्न आपल्याकडे आहेत. गटाच्या बैठकीत तिला बोलावू, मोकळेपणाने सांगू.