थोरल्या मुलीची सुट्टी

(मंडळाच्या उन्हाळी पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाने आम्हाला 'उन्हाळा आणि घरातील मुले' हा विषय दिला. तो ऐकून एक-दोन मित्र म्हणाले, "यात काय बोलणार? उन्हाळा दरवर्षी येतो आणि मुले घरात असतातच." त्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु जी गोष्ट दरवर्षी घडते, तिच्याकडेच आपले लक्ष सर्वांत कमी असते. आम्ही बँकेत कारकुनी करतो. रोकड जुळल्याशिवाय आम्हाला खुर्चीवरून उठता येत नाही. त्याच सवयीने सुट्टीतील सहा आठवड्यांचा घरगुती जमाखर्च आपल्यापुढे मांडावा, एवढाच या बोलण्याचा हेतू आहे.

आमचे घर जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. आम्ही दोघे भाऊ एकत्र राहतो. दोघांची मिळून पाच मुले. थोरली बारा वर्षांची, धाकटा अजून रांगतो. सुट्टी लागली की बहिणीची दोन मुले येतात आणि घरात सातजणांचा कल्लोळ सुरू होतो. तीन खोल्या, वर पत्रा, पुढे पडवी. लगोरी, विटीदांडू, करवंदांसाठी रानात पळणे, पाडाच्या आंब्यावरून मारामारी आणि वळीव आला की अंगणात नागड्या पोरांचा नाच. हे सारे आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. मुलांनी भरलेल्या घरासारखे सुख नाही, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. पुढे जे बोलणार आहोत ते या सुखाविरुद्ध नाही. हे सुख घरातल्या प्रत्येक मुलाच्या वाट्याला येते का, एवढेच पाहायचे आहे.

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे १७ किलोमीटरवर, पन्हाळा तालुक्यात वाडी रत्नागिरीचा हा डोंगर आहे. उंची सुमारे ३,१०० फूट. पावसाळ्यात येथे धो धो पाणी कोसळते आणि उताराने खाली निघून जाते. चैत्र पौर्णिमेची यात्रा येते तेव्हा सासनकाठ्या नाचतात, गुलालाने डोंगर लाल होतो, लाखो माणसे येतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत विहिरींचे पाणी तळाला जाते. मुलांच्या वार्षिक परीक्षाही त्याच सुमारास. परीक्षा संपते, सुट्टी लागते आणि पाण्याची ओढाताण सुरू होते. जूनच्या मध्यावर शाळा उघडेपर्यंत घराचा सारा दिनक्रम पाण्याभोवती फिरत राहतो.

आता पाच-सहा मुले असलेल्या कोणत्याही घरात जा आणि थोरल्या मुलीचा दिवस घड्याळ लावून मोजा. दिवस उगवण्यापूर्वी पाणी. मग कडेवर धाकटे भावंड घेऊन चहाची भांडी. आई रोजगाराला गेली तर भाकरी-कालवण. अंगणात सांडगे-पापडांचे वाळवण असेल तर कावळे हाकलायला तीच. दुपारी सगळ्यांना निजवायचे, कोणी पडले-झडले तर हळद लावायची, भांडणे सोडवायची. संध्याकाळी पुन्हा पाणी. सहा-सात तास सहज भरतात. तिच्यापेक्षा वर्षाने लहान असलेला भाऊ त्या वेळेत विटीदांडू खेळत असतो. कोणाला विचारले तर उत्तर एकच : "आक्का हाय की, ती बघंल!"

मित्रहो, हे पाच शब्दांचे वाक्य प्रेमाने उच्चारले जाते. यात कोणाचाही दुष्टावा नाही. पण या वाक्याची किंमत किती होते, ते आम्ही बँकेच्या खिडकीत बसून रोज पाहतो. चाळिशी-पन्नाशीच्या बाया येतात. बचत गटाचे पैसे भरायचे असतात. स्लिप पुढे करतात आणि हळूच म्हणतात, "भाऊ, एवढं भरून द्या." गर्दी नसली की आम्ही विचारतो, "ताई, शाळा किती झाली?" कोणी चौथी सांगते, कोणी सातवी. का सुटली, असे विचारले की पुष्कळदा एकच उत्तर येते : "मी थोरली हुते." त्या भगिनी हिशेबाला कच्च्या नसतात. गटातल्या वीस बायकांचे हप्ते त्यांना तोंडपाठ असतात. फक्त कागद पुढे आला की हात थबकतो. त्यांची शाळा कोणी भांडून बंद केली नव्हती. एका उन्हाळ्यात आई बाळंत झाली, "पंधरा दिवस राहू दे" असे ठरले, पंधरा दिवसांची दिवाळी झाली आणि पुढच्या जूनला तिचे नाव हजेरीत उरले नाही. शाळा सुटते ती बहुधा अशी, सुट्टीच्या आडून.

दुसरी बाजू आरोग्याची. मुलींची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलांपेक्षा साधारण दोन वर्षे आधी येतो. दहा ते तेरा या वयात मुलगी अंगाने भराभर वाढते. त्याच काळात तिला पोटभर अन्न, रक्तासाठी लोह आणि रोज किमान नऊ तास झोप लागते. एक घागर पाणी म्हणजे दहा-बारा किलो वजन. ज्या वर्षांत तिच्या शरीराला सर्वांत जास्त हवे असते, त्याच वर्षांत तिच्या डोक्यावर ओझे सर्वांत जास्त, ताटात शेवटचे आणि झोप सर्वांत कमी, असा उलटा व्यवहार आपल्या घरांतून चालतो. बँकेत असा व्यवहार केला तर खाते बुडीत निघेल.

धाकट्यांविषयीही थोडे सांगतो. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा लवकर तापते आणि खेळाच्या नादात त्याला तहान कळत नाही. म्हणून मागण्याची वाट न पाहता तासा-दोन तासांनी पाणी, ताक, पन्हे किंवा नाचणीची आंबील द्यावी. सहा महिन्यांखालील बाळाला मात्र कडक उन्हाळ्यातही वरचे पाणी देऊ नये. आईचे दूध हेच त्याचे अन्न आणि तेच पाणी; अधिक वेळा पाजावे आणि आईने स्वतः भरपूर पाणी प्यावे. जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून, विरघळवून घोट घोट पाजावे. सरकारी दवाखान्यात जलसंजीवनीची पुडी मिळते, ती अधिक चांगली. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगाव येथे अशाच साध्या द्रावणाने असंख्य जीव वाचविले. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली तर मात्र घरी थांबू नये, दवाखाना गाठावा. ही माहिती घरातल्या प्रत्येकाला हवी, कारण आज दुपारी घरात मोठे माणूस म्हणून असते ती बारा वर्षांची थोरलीच.

उन्हाळा, सुट्टी, मुले आणि पाणी हे चार शब्द एकत्र आले की १९०१ सालची एक सफर आठवल्याशिवाय राहत नाही. नऊ-दहा वर्षांचे भीमराव त्या वर्षी भावंडांबरोबर उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी वडिलांकडे निघाले होते. आई वारली होती. वडील सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. तेथे तलाव खोदण्याचे काम चालले होते. नवे कपडे घालून आनंदाने मुले मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. जात कळताच स्टेशनमास्तरचा सूर बदलला. दुप्पट भाडे देऊन बैलगाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची या अटीवर. जवळ खाण्याचे होते, पण रात्रभर कोणी पाण्याचा थेंब दिला नाही. तलावाच्या कामावर असलेल्या बापाची मुले तहानलेली झोपली! बाबासाहेबांनी पुढे स्वतःच ही हकीकत लिहून ठेवली आहे. त्या बालपणीच्या तहानेनंतर २६ वर्षांनी, मार्च १९२७ मध्ये, महाडचे चवदार तळे आले.

पाण्यासाठी एवढा मोठा लढा ज्यांनी दिला त्यांचे आपण वारस आहोत. मग ते पाणी घरात आल्यावर ते कोणी आणायचे आणि कोणी नुसतेच प्यायचे, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. बाहेरच्या अन्यायाविरुद्ध सभेत बोलणे सोपे आहे. घरातला अन्याय आपल्या लाडक्या लेकीवर होत असतो, म्हणून तो दिसत नाही.

आपल्या या डोंगराचे नावही काही सांगते. जोतिबाच्या यात्रेच्या दिवशी जन्म झाला म्हणून महात्मा फुले यांचे नाव जोती ठेवले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्या जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली आणि १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. मुलीच्या हातची पाटी आणि माणसाच्या तोंडचे पाणी, या दोन्ही गोष्टींना त्यांनी एकाच आयुष्यात हात घातला. आपल्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळी एक रुपया ही लहान रक्कम नव्हती. मुलाचे घरातले काम पालकाला स्वस्त वाटते, हे महाराजांनी ओळखले होते.

आजच्या कायद्याचीही माहिती असावी. २०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आहे. परंतु शाळेनंतर किंवा सुट्टीत, धोक्याचे नसेल तर, घरच्या कामात किंवा घरच्या धंद्यात मदत करण्यास मुभा आहे. डोंगरावर गुलाल-खोबऱ्याची, नारळाची, दवण्याची दुकाने आहेत. रविवार हा जोतिबाचा वार. शाळेला जो सुट्टीचा दिवस, तोच दुकानाचा गर्दीचा दिवस. अशा घरातल्या मुलाला रविवार नाही आणि उन्हाळाही नाही. कायद्याने मदतीला मुभा दिली आहे, पण मदत कोठे संपते आणि मजुरी कोठे सुरू होते याची रेघ कायदा घरात येऊन मारीत नाही. ती आई-बापांनीच मारायची आहे.

आमच्या घरी काय चालते ते थोडक्यात सांगतो. पाणी भरणे हे आम्हा दोघा भावांचे काम; सायकलला कॅन बांधून आम्ही ते कामावर जाण्यापूर्वी उरकतो. आठ वर्षांवरील प्रत्येक मुलाकडे, मुलगा असो वा मुलगी, एक कळशी आणि स्वतःचे ताट-वाटी घासण्याचे काम आहे. पत्र्यावर मार्चमध्ये चुन्याचा पांढरा हात देतो, त्याने खोली बरीच निवते. दुपारी बारा ते चार कोणी उन्हात जायचे नाही. त्यात एक तास वाचनाचा. या तासात थोरलीने धाकट्यांना शिकवायचे नाही. तिने तिचे पुस्तक वाचायचे. बाळाला तेवढा वेळ आज्जी घेते. आणि मे महिन्यात एक आठवडा थोरली मामाच्या गावाला जाते, एकटी, कडेवर कोणालाही न घेता. पहिल्या वर्षी आज्जी म्हणाली, "पोरगी गेली की घर कसं चालायचं?" घर चालले. घरातल्या इतरांना आपापले काम कळले, हा त्यातला नफा.

एखाद्या दिवशी पहाटे सगळी मुले घेऊन आम्ही पोहाळ्याच्या बौद्ध लेण्यांकडे जातो. दगडात कोरलेल्या त्या खोल्यांत गारवा असतो. सह्याद्रीतल्या पुष्कळ लेण्यांत भिक्खूंसाठी पाण्याच्या पोढी खोदलेल्या आहेत. पावसाचे पाणी उन्हाळ्यापर्यंत राखून ठेवण्याची ती व्यवस्था होती. येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांची तहान भागावी म्हणून कोणी अनोळखी दात्याने दोन हजार वर्षांपूर्वी दान दिले, हे मुलांना सांगितले की ती गप्प होऊन ऐकतात.

शेवटी मंडळाला दोन विनंत्या. पहिली, मे महिन्यात आपले सभागृह रोज सकाळी दोन तास वाचनासाठी उघडे ठेवावे आणि लहान भावंडांना सांभाळायला दोन कार्यकर्त्यांनी बसावे, म्हणजे थोरल्या मुलींना येता येईल. कॉलेजच्या विद्यार्थी मित्रांनो, हे काम तुमचे आहे. दुसरी, पाचवी ते दहावीत शिकणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलीचे नाव एका वहीत लिहावे आणि शाळा उघडेल त्या आठवड्यात घरोघर जाऊन त्या नावापुढे खूण करावी : आली की नाही आली. जिच्यापुढे खूण नसेल तिच्या घरी त्याच दिवशी बसावे. पंधरा दिवसांनी नव्हे. पंधरा दिवसांत काय होते ते आम्ही बँकेच्या खिडकीतून पाहिले आहे.

सुट्टी घरातल्या सर्वांत लहान मुलाला आपोआप मिळते. सर्वांत मोठ्या मुलीला ती द्यावी लागते. यंदाच्या उन्हाळ्यात ती तिला द्या, एवढे सांगून आम्ही आमचे भाषण संपवितो.

जयभीम!